सपाट रेघेतलं घर

लांबलचक मुलाखत कशी कापायची हे मला कोणी शिकवलं नाही. पवनीत आमचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा. नवरा कॅमेरा घेऊन मांडवोमांडवी हिंडतो आणि मी घरी कॉम्प्युटरवर कापाकापी करते. लग्नाचं काम सोपं. कोणाचे मामा दिसले नाहीत तर कोण रुसेल, एवढं कळलं की झालं. मुलाखतीत मात्र एक माणूस, एक खुर्ची आणि तासन्‌तास बोलणं. त्यात नवऱ्याला कॅमेरा बंद करायचा भयंकर आळस. एकदा तिपाईवर लावला की हा गडी चहा प्यायला, सुपारी-तंबाखूचा खर्रा खायला, गप्पा हाणायला मोकळा. मागे उरलेलं निस्तरायला मी आहेच.

म्हणून मी माझी पद्धत बसवली. आधी काहीच कापायचं नाही. चित्राकडे न बघता नुसतं ऐकायचं, तेही दीडपट वेगाने. माझं हे ऐकणं भाजी चिरता चिरता होतं. कानाला काही चांगलं लागलं की हात पुसत यायचं आणि तिथे खूण टाकायची. दुसऱ्या फेरीत खुणेचे तुकडे वरच्या पट्टीवर उचलायचे, बाकीचं खाली पडू द्यायचं. मग विचारणाऱ्याचे प्रश्न, खोकला, मोबाइल, "चहा घ्या ना" वगैरे काढायचं. शेवटी उरतात त्या गप्प बसलेल्या जागा. आवाजाची रेघ स्क्रीनवर दिसते, माणूस बोलत असेल तिथे फुगलेली, गप्प असेल तिथे सपाट. आधी मी एकेक सपाट तुकडा हाताने कापायची. मग एक सोय मिळाली. अमुक सेकंदांपेक्षा जास्त गप्प असेल ते काढ, असं सांगितलं की सॉफ्टवेअर स्वतःच शोधतं, कापतं आणि मागचं पुढे सरकवून जोडून देतं. दिवसभराचं काम चहा उकळेपर्यंत उरकायला लागलं. मी त्या सोयीवर फिदा होते.

तेव्हाच गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाचं काम आलं. गावाला नव्या जागी वसवून बरीच वर्षं झाली होती. तिथल्या मंडळाच्या पोरांना जुन्या गावावर छोटी फिल्म हवी होती. नव्या गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले, त्यामुळे जुने शेजारी कुठल्या कुठे पांगले. कोणाच्या भिंतीला कोणाची भिंत लागून होती, हे लहान पोरांना ठाऊकच नाही. ते सगळं ओळीने सांगू शकणारे एकच आजोबा उरले होते. काचबिंदूने त्यांची नजर गेलेली. सुनेजवळ राहायचे.

मुलाखतीच्या दिवशी मीही गेले होते. आजोबा अंगणात खुर्चीवर बसले आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच मला म्हणाले, "बाई, मी घरोघरी फिरून सांगतो. एकही घर सुटलं नाही पायजे. माह्या डोक्यातून गेलं का मंग कोणाले विचारान?"

मी म्हटलं, "नाही सुटणार आजोबा."

आणि ते खरोखर फिरले. बसल्या जागी. नदीच्या घाटापासून चढले, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून आले, आणि डाव्या हाताने घरं सांगत निघाले. हे कोतवालाचं, दारात जांभूळ. हे शिवणकाम करायचा त्याचं, मशीन ओसरीतच. मध्येच थांबायचे, हात किंचित पुढे करायचे आणि मग पुढचं घर. थोड्या वेळाने मी सुनेबरोबर आत गेले. पोहे झाले, गप्पा झाल्या. बाहेर आजोबांचं गाव चालूच होतं आणि नवरा, नेहमीप्रमाणे, कॅमेरा सोडून पानठेल्यावर.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने काम केलं. ऐकलं, खुणा टाकल्या, उचललं, आणि शेवटी ती सोय लावली. गाव असं भराभर सरकू लागलं की मी स्वतःवरच खूश झाले. कोतवाल, शिंपी, सुतार, मास्तर, एका दमात. हातांचे, बोडीचे, जुन्या फोटोंचे तुकडे वरून टाकून जोड झाकले. मंडळाची पोरं बघून म्हणाली, "ताई, एक नंबर." पण आजोबांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडेना, कारण शब्द मी त्यांना दिला होता.

लॅपटॉप त्यांच्यासमोर पाटावर ठेवला. आजोबा मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "लय पळवलं मले."

"थोडं कमी करावं लागतं आजोबा. लोक बसत नाहीत इतका वेळ."

"ते ठीक हाय. पण एक घर सुटलं."

माझ्या कपाळावर आठी आलीच असणार. एवढं मन लावून केलेलं काम, आणि घरांच्या बाबतीत तर मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. "नाही आजोबा, तुम्ही नाव घेतलेलं एकही घर मी कापलं नाही."

"कापलं," ते शांतपणे म्हणाले.

"कोणतं?"

सुनेनेही विचारलं. "तुमी पहा," एवढंच आजोबा म्हणाले आणि काठी चाचपत उठले.

परतताना मी गाडीवर नवऱ्यामागे बसून धुसफुसत होते. तो म्हणाला, "म्हातारा माणूस, विसरला असन. कायले डोकं खाऊन राहिली?" पण मला ते सोडवेना. आंधळा माणूस आपलं सगळं गाव माझ्या हाती देतो आणि म्हणतो एक घर हरवलं. ते सापडलं नाही तर ते दुसरं कोणी शोधून देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मूळ चित्रण काढलं आणि या वेळी भाजी नाही, दीडपट वेग नाही, डोळे स्क्रीनवर. घाट, बोडी, कोतवाल, शिंपी. सुताराचं घर आलं. "याच्या ओसरीत लाकडाचा भुसा, पोरं खेळत." मग रेघ सपाट झाली. आजोबा थांबले. मला वाटलं, दम घेत असतील. तेवढ्यात त्यांनी उजवा पाय चपलेतून काढला. मग डावा. दोन्ही चपला पायानेच चाचपून नीट जोडीने ठेवल्या आणि तळवे अंगणातल्या सारवणावर टेकवून बसून राहिले. मान थोडी वर, एका बाजूला, आत कोणी काही सांगत असेल तर ऐकावं तशी. कितीतरी वेळ. कोंबडी येऊन गेली. मागून आमच्या पोह्यांच्या बशांचा आवाज येत होता. मग त्यांनी पुन्हा चपला घातल्या, हात पुढे केला आणि म्हणाले, "हे मास्तराचं."

सुतार आणि मास्तर यांच्या मधलं घर त्यांचं स्वतःचं होतं.

मी सुनेला फोन केला. ती म्हणाली, हो, मधलं घर आमचंच. सासूबाई जुन्या गावातच गेल्या, गाव उठायच्या आधी, त्याच घरात. सासऱ्यांनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, जित्या होत्या तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "आमच्या घराचं काई इचारलं का ते चूपच रायते ताई." मला फार वाईट वाटलं. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं. गप्प जागा शोध म्हटलं, त्याने शोधली आणि काढून टाकली.

आता ती परत बसवायची तर केवढी? नवरा म्हणाला, थोडी बासरी टाक. ती सूचना मी तिथेच कापली. ती गप्प जागा अर्धी करून पाहिली, तर चपला काढल्या न काढल्या तोच पुन्हा पायात. काहीतरी विसरलेला माणूस दारातून परत फिरावा तसं दिसलं. बोडीचा फोटो वर टाकला, तर पायच झाकले गेले. शेवटी जशी होती तशी, कोंबडी आणि बशांसकट, पूर्ण ठेवली. इतर घरांमधलेही थोडे थोडे थांबे परत दिले. खोकला आणि मोबाइल मात्र कापलेलेच राहू दिले, तिथे माझी दया नाही. मंडळाची पोरं कुरकुरली, "ताई, एवढा वेळ लोकं बसतीन काय?" मी म्हटलं, नाही बसले तर मला सांगा.

फिल्म दाखवायची तेव्हा समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी बांधून भरदुपारी अंधार केला होता. आजोबांना पुढे, पडद्याजवळ बसवलं होतं. मी मागे लॅपटॉपपाशी. घरं येऊ लागली तशी बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, "हे आमचं, हे तुमचं." कोणी हसत होतं, कोणी पदर डोळ्यांना लावत होतं. सुताराचं घर आलं आणि गेलं.

मग पडद्यावर ते पाय. चपला निघाल्या, जोडीने ठेवल्या गेल्या. सभागृहात थोडा वेळ सगळे बघत राहिले, मग चुळबुळ सुरू झाली. पोरं मागे वळून माझ्याकडे बघू लागली. मधून कोणीतरी म्हणालं, "अटकलं वाटते. बटन दाबा ना बाई."

पुढून आजोबांचा आवाज आला, रागाचा नाही, घरातून बाहेरच्याला द्यावा तसा.

"अटकलं नाही. मी घरात आहो."

चुळबुळ थांबली. आजोबा मास्तरांच्या घराकडे निघेपर्यंत आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो.