हिरवं बी

जोयड्याच्या बसस्टँडवर उन्हाळ्याच्या तोंडी तो काळी द्राक्षं घेऊन बसायचा. विजापूरकडचा, मळ्यात तोडणीचा दिवस तोच ठरवायचा म्हणे. टोपली उघडली की आधी एक मणी स्वतः खायचा, बी तळहातावर घेऊन निरखायचा. ते पिकून तपकिरी झालेलं दिसलं की मगच तराजू काढायचा. माझा उगाच खोळंबा.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास एकदा बी बघूनही तो तराजू काढेना. मी एक मणी तोंडात टाकला.

"गोड आहेत की, अण्णा."

"गोड हायत, अक्का. पर बी हिरवंच. आताशा ऊन लई लवकर तापतंय. साखर भरती, पर बी पिकायचं ऱ्हातंय. कवा तोडायचं, मलाच कळंना झालंय."

पुढच्या वर्षी त्यानं मणी उचलला आणि स्वतः न खाता माझ्यापुढं धरला. "तुमीच बघा, अक्का."