न हलवता काढलेला फोटो

नांदगाव पेठच्या पुढे कारखाने संपले की सपाट काळी शेतं लागतात. अमरावतीत राजापेठेतल्या क्लासमध्ये आठवडाभर गणित शिकवून झालं, की रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन तिकडे जायचो. साध्या फोटोत ती जमीन अगदीच निर्जीव यायची. मग मी शटर थोडा वेळ उघडं ठेवून तेवढ्यात कॅमेरा मुद्दाम हलवायला लागलो. आडवा फिरवला की फुटलेल्या कपाशीचे पांढरे पट्टे व्हायचे, खालून वर नेला की बाभळी ओल्या रंगासारख्या ओघळायच्या. बहुतेक फोटो वाया जायचे. एखादा जमला की तो मी अकोल्याला ताईकडे न्यायचो.

ताई माझी थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, जुन्या शहरात एकटी राहणारी. माझ्या घरचे विचारायचे, हललेले फोटो कशाला जपून ठेवता. ती मात्र कुठला रंग कुठे सांडलाय ते बोटाने दाखवायची.

गेल्या दिवाळीत मी कपाशीचा एक मोठा फोटो नेला. ताई तो घेऊन खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, हा तू हलवलेला नाही, सरळ काढलेला आहे. मला हसू आलं. किती हलवला होता ते मी हाताने करून दाखवलं. ती हसली नाही.

"मले शेत आता असंच दिसते रे," ती म्हणाली. "तुह्या फोटोत अन् बाहेर काही फरकच वाटत नाही."

कित्येक महिने तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. भाजी अंदाजाने चिरत होती, पेपर उघडून नुसती बसत होती. अकोल्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, मग अमरावतीला आणलं. दोन्हीकडे तेच ऐकायला मिळालं. डोळ्याचा पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही जाईल.

दवाखान्यातून निघाल्यावर ती म्हणाली, तुझं ते शेत दाखव. तसाच गाडी घेऊन गेलो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून तिने मला एक फोटो न हलवता काढायला सांगितला. मी स्टँड लावून काढला. बोंडन् बोंड स्वच्छ आलं होतं. तिने कॅमेरा नाकाला लागेल इतका जवळ धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मी तिचं बोट धरून स्क्रीनवरच्या बाभळीवर ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "चाल, घरी जाऊ."

आता ती आमच्याकडेच असते. तिला फक्त उजेड तेवढा कळतो. मध्ये एका सकाळी मी पुन्हा तिकडे गेलो आणि सवयीने कॅमेरा आडवा फिरवला. फोटो फार चांगला जमला. तो दाखवावा असं माणूस उरलं नव्हतं. परत आल्यावर ताईने विचारलं, कुठं गेला होता. मी क्लास होता म्हणून सांगितलं.