विस्तिनचा पांढरा शर्ट

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यामागच्या गल्लीतल्या बायका पांढऱ्या चादरी कपाटात ठेवत आणि गडद निळ्या, तपकिरी बाहेर काढत. क्वीन्सलँडमधल्या त्या गावात हंगामभर आभाळातून काजळी पडायची आणि ती पाडणारा बॉयलरवाला विस्तिन बोनिची याच गल्लीत राहायचा. माल्टाहून पोरवयात आलेला हा माणूस बॉयलरपाशीच म्हातारा झाला, शेजारणींचे टोमणे खात.

यंदा मात्र कारखान्यात नवा सहवीज प्रकल्प आला. विस्तिन नव्या जावयाचं कौतुक करावं तसं त्याचं कौतुक करी. "चिपाड एकदाच जाळायचं. त्या वाफेवर आधी वीज, मग तीच वाफ उसाचा रस आटवायला! आणि धूर? तो पाण्याच्या फवाऱ्यात आंघोळ करूनच बाहेर पडतो."

"तू का नाही तशी आंघोळ करून बाहेर पडत मग?" बायको चेटा म्हणाली. "एवढी खात्री आहे ना? शनिवारी तुझा निरोप समारंभ. त्यासाठीचा पांढरा शर्ट उद्या दिवसभर अंगणात वाळत घालते."

"घाल! एक ठिपका जरी पडला तरी बॉयलरचं नाव काढणार नाही, कधीच."

"मी साक्षीदार हं!" कुंपणापलीकडून शेजारीण मर्ल ओरडली. तिचे कान नेहमी कुंपणाच्या अलीकडेच असत.

दुसऱ्या दिवशी विस्तिनचं लक्ष यंत्रांवर कमी आणि धुराड्यावर जास्त. पाळी संपताच तो हातपाय न धुता थेट अंगणात आला. शर्ट बगळ्यासारखा पांढराशुभ्र! त्याने तो ओढूनच काढला आणि मर्लपुढे नाचवला. "शोध! शोध ठिपका!"

मर्लने चष्मा लावला. "कॉलरवर काय आहे रे ते?"

कॉलरवर काळाकुट्ट, गुबगुबीत अंगठा उमटला होता. विस्तिनचाच.

चेटाने वास घेतला. "ग्रीस," म्हणाली, आणि हसता हसता पायरीवरच बसली. "बॉयलर सुटला गं मर्ल, निर्दोष! धुवायचा राहिलाय तो आमचा नवरा."

डाग काही गेला नाही. शनिवारी सगळी भाषणं होईपर्यंत विस्तिन हनुवटी कॉलरवर टेकवून बसला. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला गहिवरून आलंय.

रविवारी, भर हंगामात, चेटाच्या दोरीवर पांढऱ्या चादरी फडफडत होत्या. विस्तिन डोळे भरून बघायला जवळ गेला, तशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "हात मागे!"