ठाण्याकडे निघालेली बंदूक

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, "आजी, आमच्याकडे परदेशात बंदुकांवरून रोज वाद चालतात. कायदा कडक असावा की नाही?" उत्तर फोनवर सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते.

कापसाची ती वाईट वर्षं. अळीतून वाचलेलं पीक रानडुकरं लोळवत. म्हणून तुमच्या आजोबांकडे पीक राखायची, परवान्याची बंदूक होती. परवाना मालकाचा आणि राखण सालगड्याची, ही आमच्याकडची रीतच. गड्याचं नाव परवान्यावर चढवता येतं, पण ती खटपट कोणी करत नसे. आमचा गडी कोलाम आदिवासी. वर्षानुवर्षं तो ती बंदूक घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने फिरे. पोलीस बघून न बघितल्यासारखं करत.

निवडणूक लागली की अशा बंदुका ठाण्यात जमा करायच्या. नोटीस आली तेव्हा आजोबा पहिल्या वेचणीचा कापूस विकायला पांढरकवड्याला निघाले होते. नोटीस गड्याच्या हाती देत म्हणाले, "जमा करून ये." ठाण्याच्या अलीकडे, नाक्यावरच पोलिसांनी त्याला धरलं. गुन्हा: विनापरवाना शस्त्र.

मी तडक ठाण्यात गेले. कायद्याचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवलं. जमादार हसला.

"बाई, लायसन साहेबाचं अन् बंदूक याच्या खांद्यावर. मी काय करू?"

"अहो, तो तुमच्याकडेच जमा करायला येत होता!"

"येत होता. पोचला कुठी?"

कोपऱ्यात उकिडवा बसलेला गडी म्हणाला, "बाई, म्या नोटीस दाखोली. हे म्हनते, तुले वाचता तरी येते काय?"

निवडणुकीच्या निकालादिवशी तो आतच होता. बाहेर निवडून आलेल्या पुढाऱ्याची मिरवणूक निघाली. त्याच्या पुतण्याने देशी कट्ट्यातून हवेत बार काढले. बंदोबस्ताला तोच जमादार. पुतण्याला जागा व्हावी म्हणून लोकांना मागे सारत होता.

गड्याला जामीन मिळेतो कपाशीतली तूर डुकरांनी संपवली. खटला रेंगाळत राहिला. त्याने पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. डबा बडवत राखण करी.

कडक म्हणता? कायदा कडकच होता, बाळांनो.

पुढच्या निवडणुकीला आजोबा स्वतः बंदूक घेऊन एसटीने गेले. कंडक्टरने जागा करून दिली, नाक्यावर सलाम मिळाला. त्याच गाडीत मागे दांडा धरून गडी उभा होता. त्याची कोर्टाची तारीख होती.