उन्हात घातलेली माती

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या मित्राकडे मुक्काम करून सकाळी निघालो. गाडीत पोलादी नळ्या, हातोडा आणि जाड काळं कापड. कागल मागे पडलं की सरहद्दीजवळच्या एका खेड्यात जुनी तटबंदी आहे. कोणी ती शिलाहारांची म्हणतं, कोणी विजापूरकरांची. आता तिच्यावरून नवा रस्ता जायचा आहे. भिंत जुनी ठरली तरच रस्ता वळेल. आधार एकच, भिंतीच्या पायाखालची माती. भिंत उभी राहिल्यापासून त्या मातीनं ऊन पाहिलेलं नाही, आणि ते किती वर्षं पाहिलं नाही हे तिच्यातल्या वाळूच्या कणांवरून मोजता येतं. मात्र ती काढायची अंधारात, कापडाखाली. बाकीचा पाया लोकांनी दगडांसाठी कधीच उचकटला आहे. एक कोपरा तेवढा शाबूत होता.

होता.

बाबगोंडा आण्णा वेशीवरच हसत उभे होते. हे तिथले शेतकरी; भिंत वाचावी म्हणून त्यांनीच कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते.

"या पावणं! तुमाला कुदळ बी धरायला नको. समदं उकरून ठेवलंय की!"

कोपऱ्यात भला मोठा खड्डा. शेजारी ताडपत्रीवर चाळलेली माती, कुरडयांसारखी उन्हात घातलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फोनवर बजावलं होतं ना, मी येईपर्यंत हात लावू नका म्हणून?"

"तसं समदंच पावणं म्हणत्यात की," आण्णा म्हणाले. "म्हणून काय पावण्याला राबवायचं व्हय?"

मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऊन लागलं की मातीतला सगळा हिशेब पुसला जातो, एवढं शेवटी त्यांना कळलं.

"म्हंजे भिंत जानार व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नळ्या परत गाडीत टाकल्या.

जेवण नको म्हणालो, तर तेही कोणी ऐकलं नाही. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भाकरी, वांगं आणि खर्डा (कुटलेली हिरवी मिरची) वाढला. रागारागानंच जेवलो, आणि जेवण चांगलं होतं याचाही राग आला. निघताना आण्णांनी मातीची पिशवी डिकीत ठेवली.

"बघा तरी," म्हणाले.

पुण्यात परतून ती उघडली. ही माती तपासली तर भिंतीचं वय एकच निघेल: आण्णांनी ताडपत्री अंथरली तो दिवस. रस्त्याच्या आखणीचे दगड रोवले गेल्याचं त्यांनीच काल फोनवर कळवलं. माझा राग अजून गेलेला नाही. पण काढू कुठे? पिशवीत हात घालून चाचपलं, तर बोटाला टोचेल असा एक खडासुद्धा त्या माणसानं ठेवलेला नाही.