घरचा पीस

वहिनींना आयुष्यात एकच वस्तू स्वतःची म्हणून हवी होती, एक ड्रेसिंग टेबल. यावर कुणी हसेल, कारण वहिनींचे यजमान जुन्या फर्निचरचे व्यापारी. खाली दुकान, मागे गोदाम, वर घर. गोदामात ड्रेसिंग टेबलं एकाला एक चिकटून उभी. मग हिला कसली कमी, असंच कुणालाही वाटणार. पण जरा ऐकून घ्या.

यजमानांना बाजारात सगळे शेठ म्हणत. शेठची धंद्याची एक रीत होती. चांगला माल ते दुकानात मांडतच नसत. तो वर घरात आणून वापरायला ठेवत. खाली गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की शेठ आवाज खाली आणून म्हणत, "तसा एक घरचा पीस आहे. विकायचा नाहीये, पण तुम्ही पारखी दिसता म्हणून दाखवतो." आणि जिन्याने वर घेऊन येत. कपाटात घड्या घातलेले कपडे, टेबलावर अर्धा प्यालेला चहा, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. हे सगळं पाहिलं की गिऱ्हाईकाला वाटे, ही दुकानातली वस्तू नाही, कुणाच्या तरी संसारातली आहे. आणि दुसऱ्याच्या संसारातली वस्तू उचलून न्यायला माणसाला भारी गोडी वाटते, का ते देव जाणे. घासाघीस तिथेच थांबायची. वहिनी कपाट रिकामं करायला घ्यायच्या आणि कपडे आठवडाभर पलंगावर ढीग होऊन पडायचे.

पलंगही टिकेल याची खात्री नव्हती. लग्न होऊन आल्या त्या वर्षात त्यांचा पलंग तीनदा बदलला. नवी नवरी हरखून गेली, म्हणाली, नवरा किती हौशी आहे. कसला हौशी नि कसलं काय! मुलीचं अभ्यासाचं टेबल तर ऐन परीक्षेत गेलं. पोरीने खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून, मान वाकडी करून पाठांतर केलं. पुढे तिचं लग्न झालं तेव्हा तिने घर मांडलं ते सगळं नवंकोरं, प्लायवुडचं. वरचं प्लास्टिकसुद्धा वर्षभर काढलं नाही. शेठ बघून आले आणि नाक मुरडून म्हणाले, "भुसा आहे तो, नुसता भुसा." मुलगी म्हणाली, "असू दे बाबा, माझा आहे."

सुरुवातीला वस्तू निघाली की वहिनींचा चेहरा पडायचा. कधी डोळे भरून यायचे. शेठच्या ते लक्षात आलं. बायकोचं दुःख लक्षात आलं असं समजू नका. "हिचा चेहरा पडला की गिऱ्हाईक पक्कं झालं समजायचं," असं ते दुकानातल्या पॉलिशवाल्याला चहा पिता पिता सांगत, आणि तेही वहिनी कप उचलत असताना. दोघे हसायचे. त्या दिवसापासून वहिनींनी गिऱ्हाईकासमोर चेहरा पाडायचं सोडून दिलं.

मुलगी सासरी गेल्यावर घरात दोघंच उरली. एकदा शेठ फार खुशीत आहेत असं बघून वहिनी म्हणाल्या, "मला बेडरूममध्ये एक ड्रेसिंग टेबल हवंय."

"आहेत की वर दोन."

"ती तुमची आहेत. मला माझं हवंय. कधीही न विकायचं."

शेठना गंमत वाटली. "बस, एवढंच? गोदामातून हवं ते उचल. शब्द देतो, त्याला मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गोदामात उतरल्या. पॉलिशवाला बरोबर होता, मोठ्या उत्साहाने एकेकाची धूळ झटकत होता. पहिलं शिसवीचं, लंबगोल आरशाचं, पितळी मुठींचं. वहिनींनी त्याच्या कडेवरून हात फिरवला. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की हात काढवेना. त्यांनी तो काढला. दुसरं बसकं, वळणदार पायांचं, बसायला स्टूलही जोडीचं. तेही मनात भरलं आणि तेही त्यांनी नको म्हटलं. पॉलिशवाला गोंधळला. त्याला काय कळणार बिचाऱ्याला! बाकीच्या बायका 'मला कुठलं आवडेल' असं बघतात. वहिनी प्रत्येकासमोर उभ्या राहून 'हे दुसऱ्या कुणाला आवडेल का' एवढंच बघत होत्या, आणि आवडेल असं वाटलं की पुढे सरकत होत्या.

शेवटी मागच्या भिंतीला, गोणपाटाखाली, एक सापडलं. तीन पाखांचा आरसा, पण मधल्या पाखाचा पारा उडून मोठे काळे डाग पडलेले. वरच्या संगमरवरी पट्टीला आरपार चीर. उजवीकडचा एक खण गायब. एका पायाखाली वीट.

"हेच द्या," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी, हे मी जळणात काढणार होतो. निदान आरसा तरी बदलून देतो."

"काही करू नका. हातसुद्धा लावू नका. असंच वर चढवा."

पॉलिशवाला डोकं खाजवत गेला. वहिनी मात्र मनातून खूश होत्या. हे भंगार जन्मात कुणी नेणार नव्हतं.

आणि खरंच, त्याच्याकडे कुणी बघेना. वहिनींनी अडकणारा खण मेणबत्ती घासून सरकता केला. जिथे खण नव्हता त्या पोकळीत लोकरीचे गुंडे ठेवले. मधल्या पाखात डागांच्या मधून एक डोळा आणि थोडं कपाळ दिसायचं. केस विंचरायचे तर मान डावीकडे घ्यावी लागे. त्याचीही त्यांना सवय झाली. दुपारी कामं आटोपली की त्या तिथे नुसत्या बसायच्या, काही न करता. खणात ठेवलेली वस्तू उद्याही तिथेच सापडणार, हे सुख त्यांनी या वयात पहिल्यांदा चाखलं. गिऱ्हाईक वर यायचं असलं की शेठ लाजेने त्या टेबलावर चादर टाकत. वहिनी तोंड फिरवून हसत. हळूहळू त्यांचा त्या शब्दावर विश्वास बसायला लागला, आणि चुकलं ते तिथेच.

एके दिवशी एक इंटीरियरवाली बाई कपाट बघायला आली. कपाट तिला पसंत पडेना. बोलता बोलता तिने चादरीचं टोक उचललं आणि वाकून बघायला लागली. मग डागांवरून बोट फिरवत म्हणाली, "हे कधीचं आहे? हल्ली लोक नव्या आरशावर ॲसिड लावून मुद्दाम असे डाग पाडून घेतात. हे तर खरे आहेत."

शेठनी चादर पूर्ण ओढून काढली. "खरेच आहेत. आमच्याकडे नकली काही नसतंच."

वहिनी पुढे झाल्या. रडायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हसून म्हणाल्या, "त्यात काय बघताय? आंधळा आरसा आहे तो, धड तोंड दिसत नाही."

"तेच तर हवंय," बाई म्हणाली. "चिरेसकट, विटेसकट."

"वाळवी आहे आत," वहिनी चक्क खोटं बोलल्या.

शेठ मोठ्याने हसले. "बघा, जीव अडकलाय हिचा. सोडायला तयार नाही." आणि बाईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. रडलं तरी विकलं जायचं, हसलं तरी विकलं जायचं, खोटं बोललं तरी तेच. आता वहिनींकडे खरं बोलणं तेवढं उरलं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता," त्या परक्या बाईच्या देखत म्हणाल्या.

शेठ चिडलेसुद्धा नाहीत. समजूत घालावी तसे म्हणाले, "अगं, दिला होता ना. पण तेव्हा ते भंगार होतं."

बाई जरा ओशाळली. "यांची इच्छा नसेल तर राहू दे."

"छे हो! हिला मी याहून झकास देणार आहे."

बाईला तेवढंच हवं होतं. तिचा ओशाळेपणा तिथेच संपला, आणि वहिनी लोकरीचे गुंडे बाहेर काढायला लागल्या.

टेबल गेल्यावर शेठ म्हणाले, "चल खाली. ते शिसवीचं घेऊन टाक." वहिनी नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून आपले सगळे कपडे काढले, दोन बॅगांमध्ये भरले आणि बॅगा भिंतीशी उभ्या केल्या. शेठ वर आले, त्यांनी बॅगा बघितल्या आणि जागच्या जागी थांबले.

"कुठे निघालीस?"

इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांचा चेहरा असा पडलेला कधी बघितला नव्हता. त्यांना वाटलं, हा माणूस आता खाली बसेल, काहीतरी बोलेल.

"कुठे जाणार? इथेच आहे," त्या म्हणाल्या. "पण यापुढे माझं सामान या बॅगांतच राहील. तुमच्या कपाटात मी काही ठेवणार नाही."

शेठनी सुटकेचा निःश्वास सोडला. कपाटाचं दार उघडून रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं.

"चार कपडे तरी राहू दे आत," ते म्हणाले. "गिऱ्हाईकाला घर वाटायला हवं."