निळ्या झाकणाची बाटली

नाना जन्मभर कंपाउंडर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभं राहून त्यांनी बाटल्या भरल्या, पुड्या बांधल्या. अजूनही घरात कुणी शिंकलं की सगळ्यात आधी तेच उठतात. पण औषध मागितलं तर म्हणतात, "आधी सूनबाईला विचारा." आणि टोमण्यानं नाही हं, अगदी मनापासून!

झालं असं. मुलगा कामानिमित्त परदेशात. सून आणि दीड वर्षाची नात ठमी त्याच्याकडे निघाल्या, सोबतीला नाना. तयारीचा ताबा अर्थातच नानांकडे. ठमीच्या लशी वेळेत टोचून घेतल्या, जुलाबासाठी मीठ-साखरेच्या पुड्या घेतल्या, मच्छरदाणी घेतली, पाणी उकळायला किटलीसुद्धा. "नाना, पोर घेऊन निघालोय की लढाईला?" सून हसायची. पण मनातून सुखावायची. असा जीव लावणारा सासरा मिळायला नशीब लागतं.

सामानाचं वजन जास्त भरलं, तसा नानांचा जुना हात शिवशिवला. खोकी टाकून दिली आणि औषधं आपल्या छोट्या रिकाम्या बाटल्यांत ओतली. लिहायचं कशाला? झाकणांचे रंग डोक्यात पक्के होते. निळं झाकण तापाचं.

पोचून दोन दिवस होतात न होतात तोच भर दुपारी ठमी तापली. मुलगा कामावर गेलेला. पोरगी मान टाकून आईच्या खांद्यावर पडलेली.

"निळं झाकण. एक चमचा दे," नाना म्हणाले.

सुनेनं बाटली उजेडात धरली. "नाना, यावर काहीच लिहिलेलं नाही."

"मी सांगतोय ना!"

"तुमच्यावर भरवसा आहे हो. पण तुमच्या डोक्यातलं मला कसं वाचता येणार? मी नाही देणार."

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग इतकी वर्षं काय मी माशा मारल्या?"

सुनेनं ठमीचा स्वेटर उतरवला, घोट घोट पाणी पाजलं, आणि तिला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्याची वाट धरली. मागोमाग नाना, तोंड फुगवून. बाटली खिशात घेतली होती. डॉक्टरीणबाईंसमोर सुनेची चांगली जिरवायची होती ना!

बाईंनी ठमीचे कान, घसा, छाती तपासली. घसा सुजलाय, घाबरण्यासारखं नाही, असं बाईंचं बोलणं सुनेनं नानांना मराठीत सांगितलं. नाना याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी बाटली काढली आणि टेबलावरच्या चमच्यात ऐटीत औषध ओतलं.

औषध घट्ट होतं, नारिंगी. चमच्यानं द्यायचं ते पातळ असतं, लाल. नानांचा हात तिथंच थांबला. हे तर थेंबांचं! तान्ह्या बाळांना थेंब मोजून देतात ते, चौपट कडक. मोठी बाटली जड होते म्हणून ती घरी ठेवून थेंबांच्या कुप्या त्यांनीच यात रिकाम्या केल्या होत्या. डोक्यात मात्र चमचा तसाच राहिला होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण नाना तसले नव्हते. "सूनबाई," चमचा खाली ठेवत ते म्हणाले, "हे चमचाभर गेलं असतं, तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं."

सुनेनं ठमीला घट्ट छातीशी धरलं आणि बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ती बाटली काढून घेतली आणि नवं औषध दिलं, खोक्यासकट.

परतताना नानांनी भर रस्त्यात सुनेपुढं हात जोडले. "पोरी, माझं ऐकलं नाहीस. फार उपकार केलेस गं."

"अहो नाना, लोक बघतायत!"

"बघू देत."

घरी आल्यावर सुनेनं नवी बाटली नानांच्याच हातात दिली. "घ्या, द्या तिला."

"मी? आता? मी देऊ?"

"मग कोण? ती तुमच्याच हातून घेते."

नानांनी खोकं डोळ्यांजवळ धरलं. पण डोळे असे भरून आले होते की एक अक्षर दिसेल तर शपथ. शेवटी सुनेनं औषधाचं नाव वाचलं, माप वाचलं. नानांनी ते मोठ्यानं म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि तिनं "बरोबर" म्हटल्यावरच बाटली तिरकी केली.

ठमी केव्हाची आ वासून बसली होती.